खर्जाची तार

बेस गिटारविषयी मराठीत लिहावयाचे म्हटले, की पहिली अडचण ही येते, की हे वाद्य ऐकलेले सर्वांनी असते, परंतु आपण ते ऐकले आहे याची दखल फार थोड्यांनी घेतलेली असते. राहुलदेव बर्मन यांच्या चाली ज्यांच्या घरात रेडिओवरून शिरल्या, त्यांना गाणारा गळा आठवतो, मधला सॅक्सोफोनचा तुकडा आठवतो. त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजविणारे टोनी वाझ किंवा चरणजित सिंग ही नावे आठवत नाहीत. आणि तरीही ते गाणे गुणगुणताना मंडळींचा पाय ज्या हिसक्याने हलतो, तो हिसका पुष्कळदा त्या चार जाड तारांनी दिलेला असतो.

वाद्य दिसावयास गिटारच. दांडी मात्र लांब, तारा बहुधा चार, आणि त्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आपल्या तंबोऱ्यात खर्जाची तार जे काम करते, त्याच घराण्यातले हे काम. फरक इतकाच, की तंबोऱ्याचा खर्ज घरातल्या थोरल्या आजीसारखा एका जागी बसून सर्वांवर लक्ष ठेवतो, आणि बेस गिटारचा खर्ज थोरल्या सुनेसारखा घरभर फिरत असतो. त्याला सुराकडे पाहावे लागते, तालाकडेही पाहावे लागते. आणि दोघांचे बिनसले तर बोल त्यालाच लागतो.

या वाद्याच्या शौकिनांत गेली पन्नासेक वर्षे दोन छंद भरभराटीला आले आहेत. एक, शिंप्याकडून अंगरखा बेतून घ्यावा तशी आपल्या हाताच्या मापाने, आपल्या आवडीच्या लाकडाची बेस गिटार बनवून घेणे. दुसरा, जुने, व्हॉल्व्हवर चालणारे ध्वनिवर्धक म्हणजे अँप्लिफायर शोधून, दुरुस्त करून, त्यांतून ती वाजविणे आणि त्या आवाजात रमणे. दोन्ही छंद खर्चिक आहेत आणि दोहोंत भोंदूपणाला भरपूर वाव आहे. तेव्हा त्यांची रसिकांच्या नजरेने एकदा झडती घ्यावी, असा माझा विचार आहे. मी शाळामास्तर आणि कादंबरीकार; वाद्य मला एकही येत नाही. परंतु ज्या लिओ फेंडरने हे वाद्य जगात रूढ केले, त्यालाही गिटार वाजविता येत नसे, हा मला मोठाच आधार वाटतो.

हा फेंडर कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा. हिशेबनिसाचे शिक्षण घेतलेला, आणि १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणारा. त्या काळी नाचगाण्याच्या ताफ्यांत खर्जासाठी डबल बेस नावाचे पुरुषभर उंचीचे वाद्य असे. ते मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागे, आणि एवढी यातायात करूनही विजेच्या गिटारीपुढे आणि ढोलांपुढे त्याचा आवाज कोणाला ऐकू जात नसे. सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकातच आडवी धरावयाची, पडद्यांची विजेची बेस करून पाहिली होती. पण ती चालली नाही. फेंडरने १९५१ मध्ये जी केली ती चालली. ॲश लाकडाची सपाट फळी, तिला मेपलची दांडी चार स्क्रूंनी जखडलेली, आणि तारेची लांबी ३४ इंच. डबल बेसची सुमारे ४२ असते. दांडीवर सतारीसारखे पडदे असल्याने बोट नेमक्या स्वरावर पडे, म्हणून नाव ठेवले ‘प्रिसिजन’, म्हणजे नेमकेपणा. दांडी खराब झाली तर चार स्क्रू काढून दुसरी बसवावी, इतका साधा कारभार. कोणा कलावंताच्या बोटाचे माप तीत घेतलेले नव्हते. शाळेत बाके येतात तशी ती कारखान्यातून येई.

बेतून घेतलेल्या वाद्याचे गोडवे गाणाऱ्यांना मी प्रथम याच बाकाकडे पाहावयास सांगतो. कारण या वाद्यावर आजवर झालेले सर्वांत थोर काम, माझ्या मते, अशाच एका कारखानी नगावर झाले आहे.

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तेथे वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घराच्या तळघरात मोटाउन या कंपनीच्या ध्वनिमुद्रिका तयार होत. दक्षिण कॅरोलिनाहून १९५४ मध्ये या शहरात आलेला जेम्स जेमर्सन तेथे बेस वाजवी. त्याची गिटार १९६२ सालची प्रिसिजन. तारा सपाट पट्टीने गुंडाळलेल्या आणि चांगल्या जाड. त्या तुटल्याखेरीज तो बदलत नसे. तारांवरचा मळ हाच आवाजाचा जीव, असा त्याचा समज होता म्हणतात. घोडीजवळ तारांखाली स्पंजाचा तुकडा दाबलेला असे, त्यामुळे स्वर लांबत नसे. उमटला की लगेच मावळे. आणि उजव्या हाताचे एकच बोट, तर्जनी. तेवढ्या एका बोटाने तो तारा छेडी.

आता हे साहित्य पाहा. दुकानात मिळणारी गिटार, मळकट तारा, स्पंज आणि एक बोट. यातून फोर टॉप्सच्या १९६७ सालच्या ‘बर्नाडेट’मध्ये त्याने खर्जाला जी चाल दिली आहे, ती ऐकताना मला अचंबा वाटतो. गाणारा ओरडून प्रेम सांगत असतो आणि खाली हा मनुष्य स्वतंत्रपणे एक सबंध गोष्ट सांगत असतो, पण गाणाऱ्याच्या शब्दावर पाय न देता. आम्ही कादंबरीवाले दुय्यम पात्रांविषयी फार बोलतो. नायक बोलत असताना दुय्यम पात्राने काय करावे, हे मला या माणसाकडून अधिक समजले. तो रिकाम्या जागा भरीत नाही. काही जागा तो मुद्दाम रिकाम्या ठेवतो, आणि पुढच्या ठोक्याला थोडा अलीकडून शिरतो. मार्विन गे याची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही १९७१ सालची ध्वनिमुद्रिका तर त्याने जमिनीवर पाठ टेकून वाजविली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्या खर्जाला एक निजल्या माणसाची निवांतता खासच आहे. याच ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याचे नाव छापले गेले. त्यापूर्वीच्या जवळपास सगळ्या वर्षांत ज्या गाण्यांवर जग नाचले, त्यांच्या वेष्टनांवर साथीदारांची नावेच नसत. १९८३ मध्ये कंपनीचा पंचविसाव्या वर्षाचा समारंभ झाला, तेव्हा जेमर्सन तिकीट काढून बाल्कनीत बसला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. त्याच्या काही दिवस आधी ती १९६२ सालची गिटार चोरीस गेली. ती आजतागायत सापडलेली नाही.

या सगळ्यातून मला जे दिसते ते असे. खर्जाचे सौंदर्य पुष्कळसे वगळण्यात आहे. जाड तारांनी वरचा खणखणाट वगळला, स्पंजाने लांबण वगळली, एका बोटाने चमत्कृती वगळली. उरला तो भरीव, गोल, लाकडासारखा स्वर. फेंडरच्या फळीत जे साधत नव्हते, ते या माणसाने साधनाची उणीव न मानता आपली आवड करून टाकले. या कसोटीवर मी आता अँप्लिफायरकडे आणि मग बेतून घेतलेल्या गिटारीकडे पाहतो.

विजेच्या गिटारीला तंबोऱ्यासारखा भोपळा नसतो. तिचे लाकूड भरीव, त्यातून निघणारा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत जेमतेम जातो. तारांखाली लोहचुंबक आणि भोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार हलली की त्यात विजेची बारीकशी थरथर उठते. ती थरथर मोठी करून कर्ण्यापर्यंत पोचविणारा तो अँप्लिफायर. म्हणजे या वाद्याचा भोपळा वेगळ्या पेटीत ठेवलेला आहे, असे म्हटले तरी चालेल. अर्धे वाद्य गळ्यात, अर्धे पाठीमागे भिंतीशी. लोक पहिल्या अर्ध्यावर लाखो रुपये खर्च करतात आणि दुसरे अर्धे मिळेल ते घेतात. मिरजेहून उत्तम तंबोरा आणून त्याला प्लॅस्टिकची बादली बसविण्यासारखाच हा प्रकार.

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, की बटण फिरविल्यावर अर्धा मिनिट काही होत नसे. मग मागच्या फटींतून नारिंगी उजेड दिसू लागे, धूळ तापल्याचा वास येई आणि आवाज हळूहळू वर येई. अँप्लिफायरमध्येही तेच. काचेच्या निर्वात नळीत तापलेली तार इलेक्ट्रॉन सोडते, आणि मधल्या जाळीवरील क्षीण थरथर त्या प्रवाहाला आपल्या तालावर नाचविते. या नळीचा एक स्वभाव आहे. तिच्या शक्तीच्या मर्यादेपर्यंत ती निर्मळ आवाज देते. मर्यादेपलीकडे ओढले, की ती एकदम मोडत नाही. लाटेचे माथे गोल करीत, जरा दाबीत, मूळ स्वरात वरच्या स्वरांशांची भर घालीत जाते. ट्रान्झिस्टर मात्र बहुधा तो माथा कात्रीने कापल्यासारखा सपाट कापतो. व्हॉल्व्हचे हे गोल करणे म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने दोषच. कानाला तो दोष ऊबदार वाटतो. आपल्या तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढून, दोरा सरकवून आपण जो झंकार मुद्दाम आणतो, तोही काटेकोर अभियंत्याला दोषच वाटेल.

गंमत अशी, की या अँप्लिफायरच्या कर्त्यांना तो दोष मुळीच नको होता. न्यूयॉर्कचा एव्हरेट हल हा स्वतः डबल बेस वाजविणारा. डबल बेस जमिनीवर ज्या खुंटावर उभा राहतो, त्या खुंटात त्याने मायक्रोफोन बसविला आणि त्या खुंटावरूनच आपल्या कंपनीचे नाव ‘अँपेग’ ठेवले. त्याला आवाज स्वच्छ हवा असे; फाटक्या आवाजाची आणि रॉक संगीताची त्याला मनस्वी चीड. १९६० मध्ये जेस ऑलिव्हरने याच कंपनीसाठी बी-१५ हा अँप्लिफायर काढला. पंचवीसएक वॅटची शक्ती, १५ इंची एकच कर्णा, आणि काम झाले की यंत्राचा भाग उलटा करून खोक्याच्या पोटात ठेवावयाचा, म्हणजे प्रवासात व्हॉल्व्ह फुटत नाहीत. शिवणयंत्र जसे मेजाच्या पोटात जाते तसे. आमच्या विषयातला माझ्या मते हा सर्वांत देखणा डबा; देखणा अशासाठी, की त्यात एकही गोष्ट दिखाव्याची नाही.

फेंडरनेही १९५२ मध्ये आपल्या बेससाठी ‘बेसमन’ नावाचा अँप्लिफायर काढला. पुढे १९५० च्या दशकाच्या मध्यास त्यात १० इंची चार कर्णे आले, आणि तो साध्या गिटारवाल्यांनीच पळविला. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शल या ड्रम शिकविणाऱ्या दुकानदाराने आपल्या दोन सहकाऱ्यांसह त्याचीच नक्कल करून आपला पहिला अँप्लिफायर सिद्ध केला. पुढे रॉकच्या रंगमंचांवर मार्शलच्या खोक्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांचा मूळपुरुष हा. एका गृहस्थाने खर्जासाठी केलेली वस्तू दुसऱ्याच कामाला लागली आणि जगप्रसिद्ध झाली. आणि ज्या हलला फाटका आवाज सहन होत नसे, त्याच्याच कंपनीने, तो तेथून बाहेर पडल्यावर, १९६९ मध्ये ३०० वॅटचा राक्षसी अँप्लिफायर बनविला, आणि रोलिंग स्टोन्स तो घेऊन अमेरिकाभर गर्जत फिरले. कर्त्याच्या मनात काय होते आणि कलावंताने त्याचे काय केले, यांचा संबंध किती थोडा असतो!

येथे जाणकार वाचक मला अडवील. जेमर्सन क्लबांत बी-१५ वाजवीत असला, तरी मोटाउनच्या तळघरात त्याच्या गिटारीची तार बहुधा थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला जोडलेली असे. मग तुमच्या जुन्या अँप्लिफायरचे पोवाडे कशाला? हरकत रास्त आहे, आणि तिने माझे म्हणणे अधिकच ठाशीव होते. अँप्लिफायर नसतानाही जेमर्सनने जाड तारा आणि स्पंज यांच्या साहाय्याने नेमके तेच केले, जे बी-१५ आपल्या अंगच्या स्वभावाने करतो: वरचे टोक घासून बोथट करणे. हा गुण जुनेपणाचा असता, तर प्रत्येक जुनी पेटी गोड वाजली असती. पुष्कळशा जुन्या पेट्या केवळ जुन्या आहेत. त्या गुरगुरतात, खरखरतात, आणि मालक डोळे मिटून ‘वा!’ म्हणतो. १९९५ पासून तर फेंडरच्या नावाची कंपनी नव्या गिटारींवर ठरवून ओरखडे पाडून, रंग उडवून, त्या जुन्या भासवून जास्त किमतीला विकते. नव्या धोतराला ठिगळ लावून गरिबी मिरवावी तसे हे. मला त्यात रस नाही.

जॅको पॅस्टोरियसचा दाखला तर जुन्या व्हॉल्व्हच्या भक्तांना चांगलाच अडचणीचा आहे. त्याचा अँप्लिफायर ‘अकूस्टिक ३६०’ ट्रान्झिस्टरचा, १८ इंची कर्ण्याचा. गिटार १९६२ सालची फेंडरच, मात्र ‘जॅझ बेस’ या दुसऱ्या जातीची. तिचे पडदे त्याने काढून टाकले, खाचा भरल्या आणि दांडीवर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा कडक थर चढविला. १९७६ च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ही बेस माणसासारखी गाते, मींड घेते. फेंडरने ज्या पडद्यांवरून वाद्याला ‘नेमकेपणा’ हे नाव दिले, तेच पडदे याने वगळले. विकत घेतलेले वाद्य स्वतःच्या मापाचे करण्याचा याहून धीट प्रकार मला माहीत नाही, आणि खर्च म्हणाल तर इपॉक्सीच्या डब्याचा.

आता बेतून घेतलेल्या गिटारी. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडे ‘अलेंबिक’ नावाची मंडळी जमली. रॉन विकरशॅम विजेचा जाणकार, रिक टर्नर लाकडाचा. १९७२ मध्ये त्यांनी जॅक कॅसडीसाठी आपली पहिली खास बेस घडविली. दुर्मिळ लाकडांचे थर, दांडी आणि मधले अंग एकाच सलग पट्ट्याचे, आणि पोटात स्वरांची काटछाट करणारे विजेचे यंत्र. ज्या स्वरांशाला फेंडरच्या फळीत शिरकावच नव्हता, त्या प्रत्येकाला येथे दार उघडे. स्टॅन्ली क्लार्कने ही बेस घेऊन १९७६ मध्ये ‘स्कूल डेज’ काढली. काय ते तेज, काय ती बोटांची सफाई! खर्ज प्रथमच मागची ओळ सोडून मंचाच्या मध्यभागी आला, आणि शोभला. पण ऐकता ऐकता मला असे वाटू लागते, की आता मागे कोण उभे आहे? सून बोहल्यावर चढली, ठीक आहे. घरचा चहा कोण ठेवणार? क्लार्कसारखा जातिवंत कलावंत हे पेलू शकतो. त्याच्यामागून आलेल्या शेकडो अनुकरणकारांच्या हातांत तीच स्वच्छ, लखलखीत बेस काचेच्या बांगड्यांसारखी किणकिणते. त्यांनी क्लार्कचे वाद्य घेतले, त्याची निवड घेतली नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सुतारकाम करतो आणि रविवारी बेस वाजवितो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत त्याने स्वतःसाठी एक बेस घडविली, आणि मी दुपारच्या वेळी त्याच्या कारखान्यात स्टुलावर बसून ती पाहिली. पाडलेल्या एका वाड्याची सागवानी तुळई त्याने मिळविली होती. साग अंगचा तेलकट. जोडावयाच्या बाजू थिनरने पुसून लगेच डिंक न लावल्यास सांधा धरत नाही, हे मला तेथे समजले. दांडी मेपलच्या तीन पट्ट्या जोडून केलेली, आत पोलादी कांब. चार तारा मिळून दांडीला सत्तर-ऐंशी किलोंचा ताण देतात. कांब नसेल तर दांडी धनुष्यासारखी वाकावयाची. दांडीवरची पट्टी शिसवाची. शिसव आपल्याच सह्याद्रीतला; ब्राझीलचा शिसव दुर्मिळ होत गेला, तेव्हा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील गिटारींवर हा भारतीय शिसवच जाऊन बसला. २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि वाद्ये घेऊन परदेशी जाणाऱ्या वादकांची त्रेधा उडाली; २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली.

सर्वांत जास्त वेळ गेला पडद्यांच्या खाचांत. तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागावयाचे, येईल तितक्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागावयाचे, तेथे दुसरा. असे करीत बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो. गॅलिलिओचा बाप व्हिन्चेन्झो हा ल्यूट वाजविणारा. त्याने सोळाव्या शतकात यासाठी अठरा ते सतरा हे प्रमाण सांगून ठेवले होते. माझ्या विद्यार्थ्याचे हात लहान, म्हणून त्याने ३४ ऐवजी ३२ इंच लांबी धरली. पहिला पडदा पावणेदोन इंचांच्या किंचित पलीकडे आला. सातवीत याच मुलाला अपूर्णांकांचा भागाकार शिकविताना माझा घसा बसला होता. आता दशांशाची तीन-तीन स्थळे तो पेन्सिलीने फळीवर मांडीत होता.

मापाने बेतलेल्या वाद्याचे खरे समर्थन मला तेथे दिसले, आणि ते लाकडाच्या वाणात नव्हते. दांडीची जाडी तो पुन्हा पुन्हा डोळे मिटून मुठीत धरून पाही, रंध्याचा एक हात मारी, परत धरी. कारखान्याला हे करणे शक्य नाही. परंतु विजेच्या कामाशी येताच त्याची हाव सुटली. दोन पिकअप, तीन खटके, पाच बटणे, आतमध्ये नऊ व्होल्टचे यंत्र. भोके पाडण्याआधी त्याने कागदावर आकृती काढून मला दाखविली.

“एवढी बटणे कशाला रे?” मी विचारले.

“सर, यातून कुठलाही आवाज काढता येतो.”

“तुला कुठला हवा आहे?”

यावर तो काही बोलला नाही. आकृती मात्र आठवडाभर भिंतीवर टाचलेली होती.

त्याच आठवड्यात त्याने जुन्या बाजारातून व्हॉल्व्हचा एक लाऊडस्पीकरचा अँप्लिफायर आणला. पूर्वी गणेशोत्सवाच्या मांडवांत असत त्यांपैकी. ज्यांना हा छंद लावून घ्यावयाचा असेल त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या पेट्यांत चारशे व्होल्टपर्यंतचा दाब खेळतो, आणि वायर भिंतीतून काढल्यावरही तो संधारकांत साठून राहतो. नवख्याने पेटी उघडू नये. त्याने ती एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून उघडून घेतली, वाळलेले संधारक बदलले, अर्थिंगची तीन पायांची वायर बसविली. मग शेजारच्याची बेस आणून तिच्यात लावली. पेटीवर कोण्या मंडळाचे नाव तेलरंगात अर्धवट उरले होते. आवाज फार मोठा नव्हता, वरचा भाग जवळजवळ नव्हताच. पण खालची तार छेडली की तो स्वर आधी छातीत लागे आणि मग कानात. ज्या पेटीने आयुष्यभर आरत्या आणि हरवलेल्या मुलांची नावे पुकारली, ती इतके गोड बोलू शकत होती. दुसऱ्या दिवशी पाहिले तो भिंतीवरच्या आकृतीतील दोन खटके आणि तीन बटणे खोडलेली होती. नऊ व्होल्टचे यंत्र मात्र त्याने ठेवले. ते का ठेवले, यावर आमचा अजून वाद आहे.

या वादात मी त्याला अँथनी जॅक्सनचे उदाहरण देत असतो. न्यूयॉर्कच्या या वादकाचे म्हणणे असे, की ही वस्तू जर गिटारच आहे, तर तिला सहा तारा हव्यात, चार कशासाठी? १९७५ मध्ये त्याने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांची बेस करून घेतली, तेव्हा लोकांनी मान हलविली. पुढे ब्रुकलिनच्या फोडेरा यांच्या कारखान्यात तो वर्षानुवर्षे एकेक वाद्य घडवून घेत राहिला. तारेची लांबी वाढत ३६ इंचांवर गेली. तारा वाढल्या, लांबी वाढली, आणि बाकी सारे कमी होत गेले. अखेरच्या वाद्यांत पिकअप एकच. त्यावर आवाज कमी-जास्त करण्याची कळही नाही. ते काम तो पायाखालच्या पेडलने करी. वाद्याला हवे ते सगळे देण्याची ऐपत असलेल्या माणसाने हे मागितले. अलेंबिकच्या पहिल्या गिटारी मला अचंबित करतात. जॅक्सनच्या या उघड्या, बिनबटणांच्या लाकडापुढे मी अधिक वेळ थांबतो.

या सुटीत कोणाला हे सारे प्रत्यक्ष ऐकावेसे वाटले, तर एक विनंती. मोबाईलच्या टिचभर कर्ण्यावर ऐकू नका. सेकंदाला ४१ कंप त्यातून बाहेरच पडत नाहीत. वरच्या स्वरांशांवरून आपला कान खालच्या स्वराची अटकळ बांधतो, इतकेच. घरात बऱ्यापैकी मोठे स्पीकर असतील तर ते, नाहीतर चांगले हेडफोन घ्या. प्रथम ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ लावा, आणि गाणाऱ्याकडे लक्ष न देण्याचा प्रयत्न करा. हे अवघड आहे, मार्विन गे तसा सोडीत नाही. मग ‘स्कूल डेज’. मग जॅकोच्या १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेतील ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’, ज्यात एकटी बेस आहे, दुसरे काही नाही. त्या वाद्याची कथा जेमर्सनच्या गिटारीहून बरी निघाली. तेही १९८६ मध्ये न्यूयॉर्कला चोरीस गेले, दुसऱ्या वर्षी जॅको गेला, आणि सुमारे वीस वर्षांनी ते त्याच शहरात सापडले. दांडीवरचा इपॉक्सीचा थर तोवर ठिकठिकाणी फुटला होता. तो जोडून घेतला आहे, आणि ते वाजते.